पॅडलबोर्ड घ्यायचाय: लांबी, रुंदी, जाडी, लिटर... नेमकं काय बघायचं?

पाणवठा

नमस्कार मंडळी. सुट्टीच्या दिवशी पवना, मुळशीच्या बाजूला भाड्याच्या पॅडलबोर्डवर (उभं राहून वल्हवायच्या फळीवर) जायची आम्हाला आता चांगलीच सवय लागली आहे. अधूनमधून तारकर्लीलाही जातो. आता स्वतःचा बोर्ड घ्यायचं ठरलंय. फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळे फुगवायचाच घेणार, फायबरचा ठेवायला जागा नाही.

वापरणारे तिघं. नवरा ८८ किलो, उंची ५ फूट १० इंच. मी ५७ किलो, ५ फूट २ इंच. मुलगा ११ वर्षांचा, ३५ किलो. नजरेत तीन बोर्ड आहेत. एक १० फूट ६ इंच लांब आणि ३३ इंच रुंद, दुसरा ११ फूट ६ इंच लांब आणि ३१ इंच रुंद, तिसरा १२ फूट ६ इंच लांब आणि २९ इंच रुंद. तिन्हींची जाडी ६ इंच.

दुकानदार म्हणतो, "लिटर जास्त तेवढा बोर्ड स्थिर, सगळ्यात मोठा घ्या." मला हे पटत नाहीये. भाड्याच्या एकाच बोर्डवर मी आरामात उभी राहते आणि नवऱ्याचे पाय सतत थरथरतात. बोर्ड तोच, लिटर तेवढेच. मग फरक कशाने पडतो? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

खाडीवाट

तारकर्लीजवळच्या देवबागला राहतो, हंगामात लोकांना सप (म्हणजे उभ्याने पॅडलबोर्ड चालवणं) शिकवतो. तुमची शंका अगदी बरोबर आहे. आमच्याकडे येणारा पाहुणा पाण्यात उतरायच्या आधी मी वजन आणि उंची विचारतो, "आधी केलंय का" हे नंतर. ९० किलोच्या माणसाला ३४ इंची देतो. पन्नास-पंचावन्न किलोचं कुणी असेल तर ३० इंचीवरही पहिल्याच दिवशी उभं राहतं.

लिटर म्हणजे बोर्ड किती वजन तरंगवू शकतो, एवढंच. तुमचे तिन्ही बोर्ड ३०० लिटरच्या आसपासचे असणार, म्हणजे घरातले तिघंही एकदम बसलात तरी बुडायचे नाहीत. पण तरंगणं वेगळं आणि डळमळणं वेगळं. ओंडकासुद्धा उत्तम तरंगतो, त्यावर उभं राहून दाखवा!

नौकाशास्त्र

माझा व्यवसाय जहाजांच्या आराखड्यांचा आहे, त्यामुळे पाणवठा यांच्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देतो. थोडं लांबेल, पण सगळं उत्तर यातच आहे.

बोर्ड जरा कलला की कललेल्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि पाणी त्या बाजूला जास्त जोराने वर ढकलतं. हा ढकलणारा जोर बोर्डला परत सरळ करतो. त्याच वेळी उभ्या माणसाचं वजन त्याच बाजूला झुकून बोर्डला आणखी कलवतं. या दोघांत कोण जिंकतं त्यावर स्थिरता ठरते. हे मोजायला आम्ही दोन उंच्या काढतो. पहिली म्हणजे पाण्याचा आधार जिथपर्यंत पुरतो ती उंची (मेटासेंटरची). दुसरी म्हणजे माणूस आणि बोर्ड मिळून जो गुरुत्वमध्य होतो त्याची उंची. पहिली दुसरीपेक्षा जास्त असेल तर बोर्ड आपणहून सावरतो. कमी असेल तर सावरायचं काम तुमच्या घोट्यांना आणि पोटऱ्यांना करावं लागतं. पाय थरथरतात ते यामुळे.

आता आधाराची उंची कशावर ठरते? लांबी गुणिले रुंदीचा घन, भागिले एकूण वजन. लांबी साधी, रुंदी मात्र घनात. म्हणून ३० इंचाचा बोर्ड ३२ इंच केला की आधार २१ टक्क्यांनी वाढतो. २८ चा ३२ केला तर जवळजवळ दीडपट होतो. दोन इंच ऐकायला किरकोळ वाटतात, पायाखाली अजिबात नाहीत.

आणि वजन भागाकारात आहे. त्याच बोर्डवर जड माणूस उभा राहिला की आधाराची उंची खाली येते. तुमच्या तिन्ही बोर्डांचं ढोबळ गणित केलं. बोर्डचा आकार टोकांकडे निमुळता असतो, त्याची वजावट अंदाजाने धरली आहे.

तुमच्या यजमानांसाठी, बोर्डसकट ९८ किलो धरून, ३३ इंचीवर आधार येतो साधारण १०५ सेंमी, ३१ इंचीवर ९४, २९ इंचीवर ८३. त्यांचा गुरुत्वमध्य त्याच पातळीवरून मोजला तर १०० सेंमीच्या आसपास. म्हणजे ३३ इंचीवर ते जेमतेम आपोआप स्थिर आहेत, ३१ वर नाहीत आणि २९ वर तर सतत कसरत.

तुमच्यासाठी, बोर्डसकट ६६ किलो धरून, तेच आकडे १५६, १४० आणि १२३. तुमचा गुरुत्वमध्य ८७ च्या आसपास. तिन्ही बोर्डांवर तुम्ही निवांत. एकाच बोर्डवर दोघांचा अनुभव इतका वेगळा का, हे यातून दिसतं.

गुडघे थोडे वाकवले की शरीर चार-पाच सेंमी खाली येतं, आणि यजमानांच्या बाबतीत तेवढ्यानेही फरक पडतो. गुडघ्यांवर बसलं तर प्रश्नच मिटतो. शिकवणारे सुरुवातीला बसून वल्हवायला लावतात त्याचं कारण हेच.

पाणवठा

अप्रतिम! नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याला इतके दिवस वाटत होतं की आपला तोलच वाईट आहे.

पण मग असंही विचारते, ३६ इंचीच का घेऊ नये? सगळ्यांचाच प्रश्न सुटेल.

भरतीओहोटी

सुटणार नाही, तुमचाच वाढेल. ५ फूट २ इंच उंचीच्या व्यक्तीने ३६ इंची बोर्डच्या मध्यावर उभं राहून पॅडल मारायचं म्हणजे दर स्ट्रोकला हात बाहेर फेकावा लागतो. पॅडलचा दांडा पाण्यात उभा जायला हवा, इथे तो तिरका जातो. तिरकं वल्हं बोर्डला पुढे कमी ढकलतं आणि वळवतं जास्त. मग तीन स्ट्रोक उजवीकडे, तीन डावीकडे, असं सारखं बाजू बदलत बसावं लागतं आणि खांदे भरून येतात. माझी उंचीही तुमच्याएवढीच आहे. ३४ वरून ३० वर आले तेव्हा पहिल्यांदा कळलं की सरळ रेषेत जाणं म्हणजे काय.

शिवाय रुंद बोर्ड जास्त पाणी बाजूला सारतो, त्यामुळे जड जातो. सकाळच्या तासाभराच्या फेरीत हे जाणवणार नाही. मुळशीला या काठावरून त्या काठाला जाऊन परत यायचं असेल तर चांगलंच जाणवेल.

खाडीवाट

याला जोडून एक. नुसती रुंदीची संख्या बघू नका, आकार बघा. दोन्ही बोर्ड ३२ इंची, पण एक फक्त मधल्या वीतभर जागेत ३२ आणि पुढेमागे लगेच निमुळता. दुसऱ्याच्या कडा बऱ्याच लांबीपर्यंत समांतर आणि शेपटी चौकोनी. दुसरा कितीतरी स्थिर. पावलं मधल्या मुठीच्या (बोर्ड उचलायला असते तिच्या) दोन्ही बाजूंना असतात, पण आधार संपूर्ण कडेवरून मिळतो. विकणारा सांगतो ती रुंदी सगळ्यात रुंद जागेची असते. दुकानात टेप घेऊन जा आणि मुठीपासून दोन फूट पुढे आणि दोन फूट मागे स्वतः मोजा.

आमच्या किनाऱ्यावरच्या उलांडीच्या होड्या बघितल्या असतील. होडी स्वतः इतकी अरुंद की एकटी सोडली तर उलटेल. पण बाजूला दूरवर बांधलेल्या लाकडामुळे पाण्यावरची एकूण रुंदी वाढते आणि ती लाटेतही उभी राहते. वर नौकाशास्त्र यांनी घनाचं सांगितलं तेच हे.

कालव्याकाठी

मी नेदरलँड्सच्या उत्तरेला, फ्रीसलँडमध्ये राहतो. इथे घराच्या मागेच कालवा असतो आणि उन्हाळ्यात माणसं कामावरून आली की बोर्ड घेऊन निघतात. त्यामुळे लांबीबद्दल लिहितो, इकडे तिचंच महत्त्व फार.

पाण्यात चालणारी कुठलीही वस्तू पुढे आणि मागे लाट उठवते. वेग वाढला की ही लाट लांब होत जाते आणि तिची लांबी बोर्डच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली की बोर्ड स्वतःच्याच लाटेचा चढ चढायला लागतो. त्यापुढे कितीही जोर लावा, वेग थोडाच वाढतो. ही मर्यादा लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. साडेदहा फुटांसाठी ती ताशी ८ किमी येते, साडेअकरासाठी ८.४, साडेबारासाठी ८.८ आणि १४ फुटांसाठी ९.३ च्या जवळपास. नोज (बोर्डचं पुढचं टोक) वर उचललेलं असेल तर पाण्याला टेकलेली लांबी कमी, म्हणून प्रत्यक्षात आकडे याहून थोडे खाली.

आता बघा, फिरायला निघालेला माणूस ताशी ५ किमीने जातो. तो या मर्यादेच्या जवळपासही नसतो. म्हणजे तुम्हाला लांब बोर्डाचा फायदा कमाल वेगात मिळणार नाही. तो मिळतो सरळ जाण्यात आणि दोन स्ट्रोकच्या मध्ये बोर्ड किती पुढे सरकतो त्यात. लांब बोर्ड नाक फिरवत नाही. दहा स्ट्रोक एकाच बाजूला मारता येतात.

नोजचा आकारही बघा. चमच्यासारखं गोल, वर वळलेलं नोज पाण्यावरून घसरतं, लाटांवर चांगलं. होडीसारखं धारदार नोज पाणी कापतं. तुमचा साडेबारा फुटी बहुधा धारदार नोजचा टूरिंग (लांब फेऱ्यांचा) बोर्ड असेल.

इथे 'सप ११ सिटी टूर' नावाची शर्यत होते. लेउवार्डनहून निघून फ्रीसलँडची अकरा जुनी शहरं फिरत पाच दिवसांत २२० किमी. तिथे बहुतेक सगळे १४ फुटीवर, पण रुंदीत मोठा फरक दिसतो. पुढे असणारे खूप अरुंद बोर्डवर, आणि ज्यांना फक्त पाचही दिवस पूर्ण करायचे आहेत ते २८-२९ वर. कारण चौथ्या दिवशी दमलेल्या पायांना डळमळ परवडत नाही.

भरतीओहोटी

मार्च २०२४ मध्ये मंगळुरूजवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर 'इंडिया पॅडल फेस्टिव्हल' झाला होता, तेव्हा परदेशी खेळाडूही आले होते. तमिळनाडूचा सेकर पच्चई हा आपला आघाडीचा पॅडलर. शर्यतीचे १४ फुटी बोर्ड जवळून बघण्यासारखे असतात. माझ्या खांद्यांपेक्षा थोडेच रुंद! आणि मधे उभं राहायची जागा टबासारखी खोल. ती खोल का करतात?

नौकाशास्त्र

खेळाडूला खाली आणण्यासाठी. शर्यतीच्या बोर्डचं पोट जाड हवं, म्हणजे लाट नोजवर आली तरी पाणी आत साचत नाही. पण जाड बोर्डवर उभं राहिलं की माणूस पाण्यापासून उंच जातो. म्हणून उभं राहायची जागा खोदून पावलं जवळजवळ पाण्याच्या पातळीला आणतात. रुंदी घटवल्याने गेलेली स्थिरता काही प्रमाणात अशी परत मिळवतात. २३-२४ इंचांवर आठ-दहा सेंमी खाली येणं ही फार मोठी गोष्ट आहे.

पाणवठा

मग जाडीचा मुद्दा आमच्या बोर्डलाही लागू आहे ना? ६ इंचाऐवजी पावणेपाच इंची मिळतो. तो घ्यावा का?

कालव्याकाठी

तुमच्यासाठी हो, यजमानांसाठी नाही.

फुगवायच्या बोर्डाला कडकपणा दोन गोष्टींनी येतो, हवेचा दाब आणि जाडी. आतून वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी जोडलेले असतात, त्यामुळे तो गादीसारखा गोल न फुगता सपाट राहतो. पातळ बोर्डवर ८८ किलोचा माणूस मध्यावर उभा राहिला की बोर्ड मधे दबतो आणि नोज आणि टेल (मागचं टोक) वर येतात. प्रत्येक स्ट्रोकला तो खालीवर झुलतो, ताकद पाण्यात न जाता वाकण्यात जाते. ६ इंचांवर हे खूप कमी होतं. ५७ किलोला मात्र पावणेपाच इंच पुष्कळ कडक आहे, आणि तीन सेंमी खाली उभं राहायला मिळतं ते वेगळं.

खाडीवाट

आमच्याकडच्या वाऱ्याच्या दृष्टीनेही जाडी महत्त्वाची. ९८ किलो वजनाला बोर्ड पाण्यात फक्त पाचेक सेंमी बुडतो. जाडी १५ सेंमी, म्हणजे १० सेंमी भिंत पाण्याच्या वर उघडी. मुलगा एकटा असेल तर त्याहून जास्त. दुपारी खारे वारे सुटले की ही भिंत आणि उभा माणूस दोघं मिळून शिडाचं काम करतात. दुकानदाराचे 'जास्त लिटर' म्हणजे वाऱ्याला दिलेली जास्त जागा. हलक्या माणसाला ६ इंची मोठ्या बोर्डवर वाऱ्याविरुद्ध परत येताना रडू येतं, हे मी दर हंगामात बघतो.

म्हणून तारकर्लीला आलात तर सकाळी लवकर, मतलई वारे ओसरत असताना उतरा आणि दहाच्या आत परत या. कर्ली नदीच्या संगमाजवळ ओहोटीला पाणी समुद्राकडे ओढतं, उधाणाच्या दिवसांत फारच. वाहत्या पाण्यात लीश (माणसाला बोर्डशी बांधणारी दोरी) घोट्याला बांधू नका. खांबाला किंवा दोराला अडकली तर वाकून सोडवता येत नाही, पाणी दाबून धरतं. कमरेच्या पट्ट्याची, एका खेचीत सुटणारी लीश घ्या. साठलेल्या पाण्यात घोट्याची गुंडाळी लीश चालते. आणि लाइफ जॅकेट अंगावर, बोर्डवर बांधलेलं नको.

पाणवठा

सगळं लिहून घेतलं. हवेचा दाब किती ठेवायचा? दुकानदार १० पीएसआयवर (दाब मोजायचं एकक) पुरे म्हणाला, हातपंपाने त्यापुढे जात नाही म्हणे.

कालव्याकाठी

जातो, शेवटचे दोन-तीन पीएसआय दमवतात पण जातो. ६ इंची बोर्डला बहुतेक कंपन्या १५ पीएसआय किंवा त्याच्या थोडं वर लिहितात. वाल्व्हजवळ छापलेलं असतं, ते पाळा. १० वर ८८ किलोखाली बोर्ड नक्की वाकणार, आणि मग लोक बोर्ड खराब म्हणतात. विजेवर चालणारा पंप गाडीच्या १२ व्होल्टवर चालतो, तिघांच्या घराला घेण्यासारखा आहे.

नौकाशास्त्र

पुण्याच्या उन्हाचं एक लक्षात ठेवा. २५ अंशाला १५ पीएसआय भरलेला बोर्ड काठावर उन्हात ठेवला आणि आतली हवा ६० अंशांवर गेली तर दाब साडेअठराच्या आसपास जातो. गडद रंगाचा बोर्ड एप्रिलमध्ये इतका सहज तापतो. जेवायला बसताना सावलीत ओढा किंवा दोन पीएसआय सोडा. पाण्यात असतो तोवर खालून थंड राहतो.

भरतीओहोटी

पॅडलचंही सांगते, कारण ते बोर्डवर अवलंबून असतं. स्वतःच्या उंचीपेक्षा २० ते २५ सेंमी लांब, जाड बोर्ड असेल तर २५ च्या जवळ धरा. तिघं वापरणार म्हणजे कमीजास्त होणारंच घ्या. पण बोर्डवरचे पैसे थोडे कमी करून पॅडल हलकं घ्या. बोर्डचं वजन पाणी उचलतं, पॅडलचं तुमचे हात, तेही दर स्ट्रोकला.

पाणवठा

आमचं जवळजवळ ठरलं. मला ११ फूट ६ इंच आणि ३१ इंची मनापासून आवडलाय, पण नवऱ्याच्या आकड्यांकडे बघता ३३ घ्यावा असं दिसतंय. की मधला काही मार्ग आहे?

नौकाशास्त्र

११ फूट ६ इंच लांब, ३३ इंच रुंद असा बोर्ड शोधा, मिळतो. लांबी वाढल्याने त्यांचा आधार ११४ च्या आसपास जाईल, १०५ ऐवजी. तुम्हाला लांबीमुळे सरळ जायला मिळेल. ३३ इंच तुमच्या हातांना थोडे जास्त आहेत, पण ३६ सारखे नाहीत. एकच बोर्ड घ्यायचा असेल तर सगळ्यात जड माणसाप्रमाणे रुंदी ठरवा.

फक्त एक इशारा. रुंद सपाट बोर्ड शांत पाण्यात उत्तम, पण बाजूने आखूड लाटा आल्या की तो पाण्याच्या उताराबरोबर कलतो. मोटरबोट जवळून गेली तर नोज लाटेकडे वळवा आणि पॅडल पाण्यात ठेवा. पॅडल पाण्यात असलं की तिसरा पाय असतो, वर हवेत धरून उभं राहणारेच पडतात.

खाडीवाट

घ्यायच्या आधी दोन्ही रुंद्यांचे बोर्ड भाड्याने घेऊन सकाळी वारा नसताना आणि मग वारा सुटल्यावर, असं दोन्ही वेळा यजमानांना उभं करा. शांत पाण्यावर सगळेच बोर्ड चांगले वाटतात.

पाणवठा

हेच करणार. शेवटचा प्रश्न, फिन (बोर्डच्या खाली मागच्या बाजूला लावायचं पातं). बोर्डबरोबर ९ इंचाची मधली आणि दोन छोट्या बाजूच्या येतात. धरणाच्या पाण्यात कोणती लावायची?

खाडीवाट

पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं तेव्हा ९ इंची मधली लावा, बोर्ड सरळ जाईल. बाजूच्या काढून ठेवा, सपाट पाण्यात त्या नुसत्या अडवतात. एप्रिल-मे मध्ये पाणी उतरलं की बुडालेली झाडांची खोडं आणि जुने बांध पाण्याच्या लगेच खाली येतात. तेव्हा चार-पाच इंची, वाकणारी रबरी फिन लावा आणि काठापासून लांब राहा. लांब फिन खोडाला अडकली की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि उभा माणूस तोंडावर पुढे जातो. फिनचा स्क्रू आणि चकती जास्तीची घेऊन ठेवा, तारकर्लीच्या वाळूत पडली तर सापडत नाही. आणि कुठल्या धरणात उतरू देतात ते तिथल्या गावात आधी विचारून घ्या, पिण्याच्या पाण्याच्या धरणांवर मनाई असते.